थंडीच्या कारखान्यातल्या यमुनक्का

यमुनक्कांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसायचा. चष्मा कायम नाकावर, आणि डबीत कापसात गुंडाळलेलं काचेचं थर्मामीटर. पहिल्यांदा बसमध्ये ते बघितलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी तापानं आजारी असेल. तसं काही नव्हतं, आणि ते तापाचं थर्मामीटरही नव्हतं, प्रयोगशाळेतलं होतं. माठातलं वरचं पाणी किती थंड आणि तळाचं किती, देवळातल्या तीर्थाचं भांडं सकाळी किती आणि दुपारी किती, हे त्यांना माहीत करून घ्यायचं असायचं. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "सुम्ने. उगीच."

एकदा मंडी मोहल्ल्यातल्या एका हॉटेलात त्यांनी कॉफीत ते थर्मामीटर बुडवलं. गल्ल्यावरच्या माणसाला वाटलं, बाई महापालिकेकडून तपासणीला आल्यात. त्यानं ती कॉफी उचलून नेली, ताज्या दुधाची दुसरी आणली आणि वर एक वडाही ठेवला. यमुनक्कांनी वडा खाल्ला आणि दुसऱ्या कॉफीतही थर्मामीटर बुडवलं. पहिलीपेक्षा दोन अंश जास्त, असं त्याला सांगूनही आल्या.

त्यांची बहीण सोसल्याला दिली होती. वर्षातून एकदा तिच्याकडे गेल्या की टी. नरसीपूरच्या संगमावर जायच्या. लोक तिथं स्नानाला जातात. ह्या साडी पोटरीपर्यंत उचलून आधी कावेरीत उभ्या राहायच्या, मग कपिलेत, आणि दोन्हीकडचं पाणी मोजायच्या. एका वर्षी कावेरी अर्ध्या अंशानं थंड निघाली. पुढच्या वर्षी उलटं. हे उलटं आल्याचं त्यांनी मला इतक्या आनंदानं सांगितलं की जणू घरात नातवंड झालं. सरळ आलेल्या गोष्टीत त्यांना फार गोडी नसायची. उलटं आलं की, "नोडोणा, बघू या," म्हणत खुर्ची पुढे ओढायच्या.

त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. तेव्हापासून घर इथलंच. मराठी बोलायच्या, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं. मोजायच्या कानडीत, रागवायच्या मराठीत. रागावणं फार नव्हतं, म्हणून मराठी मागे पडली असेल, असं मी एकदा त्यांना म्हटलं होतं. त्यावर त्या दिवसभर हसत होत्या.

मी आटपाडीकडची. आमच्या भागातली माणसं गलाईच्या कामाला देशभर जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. माझे यजमान त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानात भट्टीवर होते. मी सातवीतून शाळा सोडलेली. म्हैसूरला आले तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता, आणि दारावर कुणी काही विचारलं की घाम फुटायचा. यमुनक्का आमच्या मागच्या गल्लीत भावाच्या घरी राहायच्या. चांदी किती अंशाला वितळते एवढंच विचारायला त्या एक दिवस दुकानात आल्या. मी आत झाडलेल्या धुळीतून चांदीचे कण चिमट्यानं वेचत बसले होते. त्या माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. हात थरथरत नाही का तुझा, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की छाती थरथरते, हात नाही.

आठवड्याभरात मी त्यांच्याबरोबर हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीला जाणाऱ्या बसमध्ये होते. त्या उपकाराचं ओझं मला अजून वाटतं. त्यांना ते आठवतही नसावं. त्यांना चिमटा धरणारा हात हवा होता, तो सापडला. एवढंच.

कारखाना लहान. पुढे लेथ आणि ड्रिल, मागे काचेची एक खोली. त्या खोलीत यमुनक्कांचं राज्य. आईला मी फोनवर सांगितलं, कूलरच्या कारखान्यात लागले. तिला वाटलं वाळ्याचा. हा कूलर मुठीत मावेल एवढा. आत हेलियम वायू पुढे-मागे पळत राहतो आणि त्याचं एक टोक इतकं थंड होतं की तिथली हवासुद्धा पाण्यासारखी ओघळेल. त्या टोकाच्या आत एक नळी असते, आणि नळीत बारीक तारेच्या जाळीच्या गोल चकत्या भरलेल्या. चकती अंगठ्याच्या नखाएवढी. एका नळीत हजाराच्या आसपास. एकेक उचलायची, आधीच्या चकतीपेक्षा जराशी फिरवून ठेवायची, दहा झाल्या की दांड्यानं हलकेच दाबायच्या. एका नळीला अख्खा दिवस लागायचा.

या चकत्यांनी थंडी कशी होते, हे मी भीत भीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पदर तोंडावर धर. धरला. श्वास सोड. सोडला. पदर गरम झाला ना? आता श्वास आत घे. तीच ऊब परत आत आली. "अष्टे, मगू. एवढंच, बाळ. पदरानं तुझी ऊब राखून ठेवली आणि तुलाच परत दिली. ह्या चकत्या म्हणजे तो पदर." सातवीच्या पुढे मला विज्ञान कुणी शिकवलं असेल तर ते असं, पदर तोंडाला लावून.

खोलीत जायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायचे. पावडर नाही, क्रीम नाही, डोक्याला तेल असेल तर दोन टोप्या. म्हैसूरच्या बायका गजऱ्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. म्हणून दाराबाहेर एक स्टीलचं ताट ठेवलेलं असायचं, त्यात सगळ्यांनी गजरे काढून ठेवायचे. संध्याकाळी ज्याचा त्यानं घ्यायचा. यमुनक्का स्वतःचा सोडून कुणाचाही घ्यायच्या, कारण नेमका कुठला आपला ते त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

इतकी वर्षं आमच्या नळ्या जमिनीवरच्याच उपकरणांत गेल्या. मग एकदा बंगळूरहून एक शास्त्रज्ञ आले. तरुण होते, बोलताना मान खाली. यानावर बसवायच्या उपकरणासाठी त्यांना सहा नळ्या हव्या होत्या. मालक त्यांना केबिनमध्ये नेऊ बघत होते, पण यमुनक्कांनी दारातच अडवलं. ते उपकरण वर जाऊन काय बघणार? शास्त्रज्ञ म्हणाले, उष्णता बघणार. मग त्याला थंड कशाला करायचं? ते म्हणाले, बघणारा डोळाच गरम असला तर त्याला आधी स्वतःचीच ऊब दिसते, लांबची काही दिसत नाही. यमुनक्का विचार करून म्हणाल्या, म्हणजे दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीबाहेर बघितल्यासारखं. ते शास्त्रज्ञ प्रथमच मान वर करून हसले, आणि चहा थंड होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

त्या दिवशी परतताना बसमध्ये यमुनक्कांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, संक्रांतीला त्या निवृत्त होणार होत्या, म्हणजे ह्या सहा नळ्या शेवटच्या. दोन, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशन ह्या नळ्या झाल्यावर. "एवढी वर्षं खाली थंडी केली. एकदा वर करून बघायची आहे," म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना स्वतःसाठी काही हवंय असं मी तेवढंच एकदा ऐकलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसूरात आयुधपूजा. आमच्याकडची खंडेनवमी. पुढच्या खोलीत लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळद-कुंकू, मालकांच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू, दारात कोहळा फोडलेला. काचेच्या खोलीची पूजा मात्र फक्त दाराला, तीही बाहेरून. हा यमुनक्कांचा नियम, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. मलाही.

पण माझं मन मानेना. गलाईच्या दुकानात भट्टीला, मुशीला, चिमट्याला कुंकू लावल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही. ज्या दांड्यावर माझ्या घरातली चूल पेटत होती, तो तेवढा बिनपूजेचा राहणार, ह्या विचारानं मला भीती वाटायला लागली. दुपारी सगळे बाहेर चुरमुरे आणि खोबऱ्याचा प्रसाद खात होते. मी हात धुतले, टोपी घातली, आत गेले, आणि अनामिकेनं दांड्याच्या डोक्याला कुंकू टेकवलं. हात जोडले. लगेच फडक्यानं पुसून टाकलं. देवाचं झालं आणि नियमाचंही राहिलं, असं मला वाटलं.

त्यानंतर त्याच दांड्यानं यमुनक्कांनी सहाच्या सहा नळ्या भरल्या.

शेवटची नळी झाली त्या शनिवारी हत्यारं धुवायचं काम माझ्याकडे होतं. दांडा ॲसिटोनमध्ये बुडवला. त्याच्या डोक्याला पकड मिळावी म्हणून बारीक खाचा पाडलेल्या होत्या. जरा वेळानं बघितलं तर काचेच्या भांड्यातलं पाण्यासारखं ॲसिटोन फिकट गुलाबी झालं होतं. खाचांमधलं कुंकू पुसलं गेलंच नव्हतं. प्रत्येक दाबाला थोडं थोडं नळीतच पडलं असणार.

भांडं मोरीत ओतलं असतं तर संपलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी ते हातात धरून उभी राहिले. यमुनक्का आत आल्या तेव्हा मी तशीच उभी होते.

"अक्का, हे कुंकू आहे," मी म्हटलं. "मी लावलंय. खंडेनवमीला."

त्यांनी भांडं घेतलं, उजेडात धरलं, डाव्या डोळ्यानं बघितलं. मग स्टूल ओढून बसल्या. मला वाटलं, आता मालकांना हाक मारणार. त्या विचारायला लागल्या. कुठल्या बोटानं लावलंस? बोट ओलं होतं का कोरडं? कुंकू कुठलं, बाजारातलं का घरचं? त्यात तेल असतं का? मी रडत उत्तरं देत होते. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, मगू. इथं थेंब नको."

मग एक जुना दांडा काढून त्यांनी माझ्याकडून परत कुंकू लावून घेतलं, अगदी तसंच, आणि परत पुसून घेतलं. तो दांडा पांढऱ्या कागदावर दहादा टेकवला आणि भिंगाखाली बघितलं. सातव्या टेकीला एक कण पडला होता. त्यांना तो आकडा आवडला नाही, पण तो मिळाला हे आवडलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या काय म्हणाल्या ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "ह्या नळ्या सगळ्या तपासण्यांत पास होतील, शालन. खाली कुणाला काही कळणार नाही. वर एखादा कण सुटून थंड टोकाशी गेला, तेल गोठून वाट अडली, तर तिथंही कुणाला कळणार नाही का अडली. उघडून बघायला कोण जाणार? आपल्याला आत्ता कळलंय, म्हणून आत्ता उघडायचं."

नळ्या पाठवायला अकरा दिवस उरले होते. त्या केबिनमध्ये गेल्या. मी दाराशी. मालक भले माणूस, पण त्यांचा आवाज वाढला. कुणी केलं म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. यमुनक्का कानडीत एवढंच म्हणत राहिल्या की नळ्यांच्या नोंदीच्या कार्डावर सही माझी आहे, खोली माझी आहे. वेळेत झालं नाही तर काम दुसऱ्या कारखान्याला जाईल, असं मालक म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या डोळ्याचं काय? यमुनक्का म्हणाल्या, एक आहे की.

बाहेर येऊन त्यांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. काय झालं ते लिही, म्हणाल्या. मला इंग्रजी येत नाही, कानडी लिहिता येत नाही. मग मराठीत लिही. मी लिहिलं. सातवीनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहिलं असेन. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, एका ठिकाणी, "हे 'चुकून' नाही, मगू. तू ठरवून लावलंस," म्हणून खोडायला लावलं, आणि खाली सही केली.

सहा नळ्या रिकाम्या केल्या. हजारो चकत्या धुतल्या, भिंगाखाली घातल्या. तिसऱ्या नळीच्या मधोमध एका चकतीवर कण सापडला. यमुनक्कांनी मला बोलावून बघायला लावलं. खिडकीच्या गजांत लाल दगड अडकावा तसा दिसत होता. मला बघवेना. त्या मात्र पुन्हापुन्हा बघत होत्या. इतका सुंदर रंग त्या भिंगाखाली कधी आला नव्हता, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग भरणं. दांडा नवा. पहिल्या चार नळ्या त्यांनी केल्या, पण दुसरीपासून चकती उचलताना चिमटा तिच्या शेजारी टेकायला लागला होता. चौथी संपली तेव्हा तीन दिवस राहिले होते. त्या खुर्चीवरून उठल्या आणि ती माझ्याकडे सरकवली. मी नाही म्हटलं. मी तर हे सगळं नासवलेलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुझा हात आता सगळ्यात सांभाळून चालेल.

मी भरायचे, त्या शेजारी डोळे मिटून बसायच्या आणि चिमट्याच्या आवाजावर मोजायच्या. मी मराठीत, त्या कानडीत. पाचवीला सहाशेच्या पुढे दोघींच्या आकड्यात एकाचा फरक पडला. त्यांनी नळी रिकामी करायला लावली. मोजल्या, तर माझा आकडा बरोबर होता. त्या म्हणाल्या, "हौदा? हो का? बरं झालं. हाताला सवय झाली." अर्धा दिवस त्यात गेला. सहावी नळी बंद केली तेव्हा गाडी दारात उभी होती.

डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्याच आठवड्यात झालं. महिन्याभरानं त्या मान खाली घालणाऱ्या शास्त्रज्ञांचा फोन आला, चाचणी बघायला या म्हणून. मालकांनी गाडी दिली. काळा चष्मा लावलेल्या यमुनक्कांना हाताला धरून बंगळूरला घेऊन गेले मी.

बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. पिंपाएवढं एक स्टीलचं भांडं, आतली सगळी हवा काढून टाकलेली. आमची नळी त्याच्या आत. यंत्रातला पंपाचा भाग तेवढा बाहेर, एका जाड पट्टीवर बसवलेला. आणि पडद्यावर एक आकडा. सुरू केल्यावर आकडा उतरायला लागला. यमुनक्का खुर्ची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे ओढून बसल्या. थर्मामीटरची डबी उघडलीच नाही. तासाभरानं आकडा एका जागी थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं. शास्त्रज्ञांनी एक तार चाचपून बघितली. मला लाल दगड दिसायला लागला. यमुनक्कांनी माझं मनगट धरलं. मग आकडा एकानं उतरला, परत एकानं, आणि उतरतच गेला. पाहिजे होता तिथं पोचला आणि त्याच्याही खाली जाऊन थांबला. सहाही कूलरांत हा उत्तम, शास्त्रज्ञ म्हणाले. कितव्या नंबरचा, ते त्यांनी वहीत बघितलं. दुसरा. यमुनक्कांचा. आणि सहावा, माझा, तोही पास होता, तो राखीव म्हणून खाली कपाटात राहणार.

सगळे चहाला निघाले. दाराशी एक जण किल्ली घेऊन उभा होता. यमुनक्का उठल्या नाहीत. मग उठल्या त्या पडद्याकडे पाठ करून. काळ्या चष्म्यातून अंदाज घेत त्या पिंपाजवळ गेल्या आणि बाहेर राहिलेल्या त्या पंपावर तळवा टेकवला. मग मला खुणेनं बोलावलं, माझा हात घेतला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला. लोखंड गरम होतं. चुलीवरून नुकतं उतरवलेल्या भांड्यासारखं.

"आतली सगळी ऊब इकडे आलीय बघ," त्या म्हणाल्या.

किल्लीवाला खाकरला. त्यांनी हात काढला नाही.